दोन अक्षरांचा देश

आम्ही ॲबरडीनचे लोक तेव्हा पत्ता देशापासून लिहायचो.
आधी यूके, मग विद्यापीठ, मग विभाग,
पार शेवटी दाराशी येऊन पाय पुसायचे.
बाकीचं जग दारातून निघून देशावर थांबायचं.
बरोबर कोण, यावर समित्या बसल्या,
बिस्किटं संपली, निर्णय झाला नाही.
मग वेशीवर एक यंत्र बसवलं पत्ते उलटे करणारं.
उलटा सदरा घातलेल्या पोराला आई करते तसं,
न बोलता, एका झटक्यात.
कधी कधी पोराने सदरा सरळच घातलेला असायचा.

मी पोस्टमास्तर. शिक्का नाही, खाकी पिशवी नाही,
सायकल तर नाहीच.
काम एकच, अडकलेली पत्रं सोडवणं.
कुणाच्या पत्त्यात उद्गारचिन्हांची साखळी:
याला सांग, त्याने त्याला सांगावं, त्याने रात्री दोन वाजता
स्वस्त दरात फोन लावून पलीकडच्याला.
कुणाच्या पत्त्यात टक्क्याची खूण, म्हणजे
पोटात दुसरा पत्ता आहे, फोडू नका, पुढे द्या.
बोटीवरच्या माणसांना हे लगेच कळायचं.
प्राध्यापकांना नाही.

एक्याण्णवच्या मार्चात हॅलिफॅक्सहून टॉर्क्विल डथीने
बहिणीला लिहिलं, आमच्या रीतीने, लहानपणीच्या सवयीने,
देश आधी, विभाग शेवटी.
विभाग कॉम्प्युटर सायन्स. दोन अक्षरं, सी आणि एस.
मधल्या कुठल्याशा यंत्राने शेवट पाहिला, यादी पाहिली.
यादीत सी-एस म्हणजे चेकोस्लोव्हाकिया.
पत्र प्राग गाठून बसलं.

अकराव्या दिवशी परत आलं,
वर एका अनोळखी बाईच्या चार ओळी:
'हे आमचं नाही. आमचं नाही हे कळेपर्यंतच वाचणार होते,
पण तोवर होडी आली होती, मग सगळं वाचलं. माफ करा.
त्यांना सांगा, भाऊ येईपर्यंत विकू नका.
ड्राहोमीरा, संगणक केंद्र, तळघर.'

नेटाने नवव्या दिवशी होडी विकली होती.
बकीच्या एका माणसाला, अकराशे पौंड, जाळ्यांसकट.
तिने कागद छापून घेतला, कडेची भोकांची पट्टी
नीट फाडली, घडी केली,
म्हणाली, थँक्स इझबेल, आणि जेवायला गेली.

ड्राहोमीराला मी कळवलं, पत्र पोचलं.
ते खरंच होतं.
तिने विचारलं, आणि होडी?
मी लिहिलं, आहे.
पुढच्या खेपेला रंग विचारला. हिरवा, म्हटलं.
खोटं बोललं की त्याला रंगरंगोटीही करावी लागते,
दर वसंतात.
तिचा देश समुद्र नसलेला. तिला भरती-ओहोटी
तासांनिशी हवी असायची. ती मात्र मी खरी द्यायचे,
बंदराच्या तक्त्यावरून.

मग त्या देशाचे दोन झाले.
ड्राहोमीरा त्याच तळघरात, त्याच खुर्चीवर.
तिच्या नावामागची दोन अक्षरं काही दिवस रेंगाळली,
भाडेकरू गेल्यावर दारावर पाटी राहते तशी,
मग कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन आलं.
तोवर आम्हीही सुलटे झालो होतो,
दारापासून देशाकडे, जगासारखे.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी, खोलीत कुणी नसताना,
मी तिच्या जुन्या पत्त्यावर लिहिलं:
होडी तेव्हाच विकली गेली होती. तुमच्या आधी दोन दिवस.
पत्र चार मिनिटांत परत आलं.
असा देश सापडत नाही, यंत्र म्हणालं,
खाली माझंच वाक्य, जसंच्या तसं.

तिचा नवा पत्ता माझ्याकडे होता.
तिनेच पाठवला होता, सगळ्यांत आधी मला,
आणि खाली विचारलं होतं,
या वर्षी कुठला रंग?